विंगेतल्या काकूंचा अहवाल

३ जून

मानसशास्त्रज्ञ बाईंना नमस्कार,

तुम्ही माझ्याबद्दल लिहिलेला अहवाल मला माझ्या पुतण्याच्या टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाखाली सापडला. कपाचा गोल डाग नेमका माझ्या वयावर पडलाय, त्यामुळे एकाहत्तर की सत्त्याहत्तर ते कळत नाही. बाकी सगळं स्वच्छ वाचता आलं.

विसरला असाल तर ओळख देते. विसरण्याचा मक्ता काही माझ्या एकटीकडे नाही. चौदा मे, सकाळी अकरा, तुमच्या खोलीतल्या हिरव्या खुर्चीत तासभर बसलेली ती मी. आमच्या नाटक कंपनीत मी चाळीस वर्षं प्रॉम्प्टर आहे. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडला की वाक्य पुरवायचं. कंपनी माझ्या नवऱ्याची आणि दिरांची होती, आता दिरांचा मुलगा चालवतो. त्यानंच मला तुमच्याकडे आणलं. मार्चमध्ये एका दुपारच्या प्रयोगात आमची नायिका तिसऱ्या अंकात बराच वेळ गप्प उभी राहिली. आवाजामुळे आम्ही तिला तोफ म्हणतो. तोफ थंड पडली आणि काकूंनी वाक्य दिलं नाही, अशी ओरड झाली. मी म्हटलं, तो तिचा पॉझ होता, पॉझमध्ये तोंड उघडणाऱ्या प्रॉम्प्टरला घरी बसवायला हवं. पण पुतण्या हळवा. हळवी माणसं फार लवकर दवाखाना गाठतात.

तुम्ही लिहिलंय: ‘गोष्ट परत सांगताना रुग्ण एकच शब्द कुजबुजत उच्चारते व थांबते. पुढील आशय आठवत नाही. परीक्षकाच्या चेहऱ्याकडे अपेक्षेने पाहत राहते. एकूण चित्र स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या अवस्थेशी सुसंगत.’

या शेवटच्या वाक्यानं काय केलं ते सांगते. माझं स्टूल विंगेतून हललं. नटांच्या कानात बसवायचं कसलंसं यंत्र येणार आहे म्हणे. पुतण्याची बायको माझ्याशी आता सावकाश आणि मोठ्यानं बोलते, जणू मी विहिरीच्या तळाशी आहे. परवा मी चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होते. हे मी तिशीपासून करते. आधी सगळे हसायचे. परवा कुणी हसलं नाही. पुतण्यानं तोंड फिरवलं. बाई, माझ्या चष्म्यावर हसणं बंद केलंत तुम्ही, हे मला फार लागलं.

आणि ती गोष्ट मला आठवत नाही म्हणता? ही घ्या.

‘सोमवारी सकाळी एक शिक्षिका बसने नदीपलीकडच्या शाळेत निघाली. तिच्या निळ्या पिशवीत सहा वह्या आणि एक दुर्बीण होती. पुलावर बस बंद पडली. ड्रायव्हरने सगळ्यांना खाली उतरवलं. शिक्षिका उतरली, पण तिची पिशवी बाकाखाली राहिली. संध्याकाळी एका माळ्याने ती शाळेत आणून दिली, तेव्हा वह्या पाचच निघाल्या.’

एका शब्दाचा फरक असेल तर दाखवा. मला माझं स्टूल परत हवंय.

विंगेतली काकू


११ जून

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मिळालं. अहवाल असा सापडला याचं मला वाईट वाटतं. तुम्हाला तपासणीसाठी घेऊन आलेल्या नातेवाइकांकडे तो देण्याची आमच्याकडे पद्धत आहे.

तुमचा राग मी समजू शकते. निदान ऐकल्यावर बहुतेकांना राग येतो आणि तो काही काळ टिकतो. मात्र या चाचण्या हजारो माणसांवर तपासलेल्या असतात. एका तपासणीवरून मी घाईनं मत बनवत नाही. तुम्ही गोष्ट शब्दशः लिहून पाठवलीत, याचं आश्चर्य वाटलं. चाचणीचा मजकूर बाहेर जाऊ नये अशी काळजी आम्ही घेतो, तरी तो कधीकधी जातो. घरच्या कुणी प्रेमापोटी मदत केली असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही.

कारण त्या दिवशीची माझी नोंद समोर आहे. गोष्ट संपल्यावर मी म्हटलं, ‘आता तुम्ही सांगा.’ तुम्ही म्हणालात, ‘सोमवारी.’ मग वीस सेकंद शांतता. मग ‘तिच्या.’ पुन्हा शांतता. ‘पुलावर.’ ‘ड्रायव्हरने.’ ‘शिक्षिका.’ ‘संध्याकाळी.’ एवढंच. गोष्ट आठवत होती, तर तुम्ही दर वेळी का थांबलात?

निदान हा शिक्का नसतो, मदतीचा रस्ता असतो. तो तसा वापरला जावा म्हणून मी तुमच्या पुतण्यांशी बोलेन.

आपली,
मानसशास्त्रज्ञ


१५ जून

बाई,

मदत! माझ्या घरात ज्यांना मदत करता आली असती त्यांना स्वतःचे संवाद पाठ होत नाहीत, ते माझ्यासाठी तुमची गोष्ट कुठून पाठ करणार?

पण तुमच्या प्रश्नानं दोन रात्री झोप उडवली. का थांबलात? मी थांबले होते, हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही ते सहा शब्द एका ओळीत लिहिलेत म्हणून दिसलं. मग मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून इतकी हसले की पुतण्याची बायको धावत आली. हसण्याचीही आता नोंद झाली असणार.

अहो, मी थांबले नाही. मी शब्द दिला. पुढचं तुमचं होतं!

माझं काम कसं चालतं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत. अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात पुतण्यानं ‘गृहिणी’ लिहिलं होतं, ते मी त्याच दिवशी पाहिलं आणि गिळलं. तर ऐका. नट अडला की प्रॉम्प्टर वाक्याचा पहिला शब्द देते. फक्त पहिला. कुजबुजत, पण ओठ ठळक हलवून. दुसरा शब्द दिला तर नट तुमच्यावर रेलतो आणि मग आयुष्यभर रेलतो. हे मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. तो म्हणायचा, शब्द एकच दे आणि त्याच्या तोंडाकडे बघ. तोंड उघडलं की तू संपलीस.

आता तुमची खोली आठवा. एक बाई माझ्यासमोर बसून सरळ, सुरात एक गोष्ट सांगते. मग गप्प होते. चेहरा कोरा करून माझ्याकडे बघत राहते. चाळीस वर्षं अशा चेहऱ्याचा माझ्या लेखी एकच अर्थ आहे: ही अडली. ‘आता तुम्ही सांगा’ म्हणालात, ते ऐकलं मी. पण ते तोंडानं म्हणालात. चेहरा वेगळंच मागत होता. मी ‘सोमवारी’ दिलं. तुम्ही ढिम्म. वाटलं, फारच घाबरलीय पोरगी. थोडं थांबून पुढचं वाक्य दिलं. मनात म्हणतही होते, इतकं पाठांतर कच्चं असताना हिला या खुर्चीत बसवलं कुणी?

म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेत होतात आणि मी तुम्हाला सांभाळून घेत होते.

विश्वास बसत नसेल तर गुरुवारी दुपारी दोनला तालीम असते. मला विंगेत बसू देत नाहीत, पण प्रेक्षागृहात बसायला अजून कुणी अडवलेलं नाही. शेजारची खुर्ची रिकामी ठेवते.

काकू


८ जुलै

प्रिय काकू,

‘काकू’ लिहिलं आहे. चालत नसेल तर सांगा.

तालमीला येऊन तीन आठवडे होत आले आणि मी आत्ता लिहितेय. पत्राचे चार मसुदे फाडले. प्रत्येकात मी स्वतःला जरा जास्तच समजून घेत होते.

त्या दुपारी तुमच्या शेजारी बसून मी वहीत खुणा करत होते, तुम्ही पाहिलंत. तुमच्यातला एक म्हातारा नट पहिल्या अंकात अडला, तेव्हा त्याच्या आधी तुमचे ओठ हलले. तोफबाईंचं एक पान गळलं, ते दिग्दर्शकाला कळायच्या आत तुम्ही ‘च्च’ केलंत. अडीच तासांत सोळा वेळा कुणी ना कुणी अडलं आणि सोळाही वेळा तुमच्या तोंडून तो शब्द गेला. तुमच्या मांडीवर कागद नव्हता.

घरी जाऊन मी माझी जुनी नोंद पुन्हा वाचली. ‘अपेक्षेने पाहत राहते’ असं मी लिहिलं होतं. पाहिलं बरोबर होतं. अर्थ मी लावला, आणि तो लावताना तुम्ही आयुष्यभर काय करत आलात हे विचारलं नाही. तुमच्यावर लबाडीचा संशयही घेतला. माफी मागते. अहवाल तुमच्या आधी दुसऱ्याच्या हातात दिला, त्याचीही. ‘आमच्याकडे पद्धत आहे’ हे काही कारण नव्हे. पद्धत मीच पाडली होती, आता बदलली आहे.

एक गोष्ट सांगते, सबब म्हणून नाही. माझ्या आईचं विसरणं सुरू झालं तेव्हा आम्ही भावंडं चार वर्षं ‘वय झालं’ म्हणत राहिलो. ती दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवायची आणि आम्ही हसायचो. तिला काय होतंय याला नाव मिळालं, तेव्हा ती ते नाव समजण्यापलीकडे गेली होती. ती चार वर्षं ती एकटीच घाबरत राहिली असेल, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी नाव द्यायला उशीर करत नाही. घाई हाच माझा चांगुलपणा आहे, असं मी समजत होते.

तुमच्या पुतण्यांना काल भेटले. अहवाल मागे घेत असल्याचं लेखी दिलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “मग मार्चमध्ये काय झालं? तोफ एवढा वेळ उभी होती ती?” मी म्हटलं, त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. ते म्हणाले, “तुम्ही आधी हो म्हणालात, आता नाही म्हणता. मी कशावर विश्वास ठेवू?” ते चिडले नव्हते, काकू. ते घाबरले आहेत. यंत्राचा बेत त्यांनी थांबवलाय, पण स्टूल अजून परत ठेवलेलं नाही.

तुमची,
मानसशास्त्रज्ञ


१३ जुलै

बाई,

काकू चालतं. पळतंही.

अहवाल मागे घेतलात हे कळलं तेव्हा मी आरशापुढे उभी राहून स्वतःला सलाम ठोकला. सगळ्या कंपनीला सांगितलं. नेपथ्यवाल्यानं टाळ्या वाजवल्या. तोफ मात्र गप्प होती. ती गप्प बसली की मला भीती वाटते.

पुतण्याचा प्रश्न तुम्ही माझ्यापर्यंत पोचवलात. त्याचं उत्तर कुणालाच देणार नव्हते. तुम्ही आईचं लिहिलंत म्हणून लिहिते.

तो पॉझ नव्हता.

तोफेचं वाक्य होतं, ‘दार मी उघडं ठेवलं होतं.’ साधं, रोजचं. ती अडली आणि माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. अडखळले नाही, चुकीचंही आलं नाही. नव्हतंच. भिंतीवर रोज दिसणारा आरसा कुणी काढून न्यावा आणि नुसती भिंत उरावी, तसं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तोफेनंच तिचं तिला शोधलं आणि ती पुढे गेली. प्रयोगानंतर ओरड झाली तेव्हा मी ‘पॉझ’ म्हणाले आणि तिच्याकडे पाहिलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “हो, माझा पॉझ होता.” माझ्यासाठी तिनं स्वतःच्या नावावर घेतलं. तेव्हापासून मला तिच्याशी नजर मिळवता येत नाही.

त्यानंतर अजून दोनदा भिंत दिसली. एकदा धाकट्या जावेचं नाव गेलं, सकाळपासून दुपारपर्यंत. एकदा घरी येताना आपण कुठल्या मजल्यावर राहतो ते. तेवढं जिना चढताना परत आलं.

तर आता सांगा. तुमचा अहवाल खोटा होता, पण तुमचं निदान खरं निघालं तर? चुकीच्या रस्त्यानं तुम्ही बरोबर घरी पोचलात का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. नटांना खोटं बोलून धीर देण्यात माझा हात कुणी धरणार नाही, त्यामुळे खोटा धीर मला लगेच ओळखता येतो.

हे तुमच्या-माझ्यात. कागदावर घालू नका.

काकू


२२ जुलै

प्रिय काकू,

तुम्ही खरं विचारलंत, खरं सांगते. मला माहीत नाही.

वीस वर्षांत हे वाक्य मी एकाही अहवालात लिहिलेलं नाही. तुमचं पत्र वाचून मी जुने अहवाल काढून बसले. प्रत्येकात शेवटी एक नाव आहे. काही नावं बरोबर होती, त्यांनी माणसं वेळेवर सावरली. काही बरोबर होती की नाही, हे कळायला मार्गच नव्हता, कारण नाव पडल्यावर प्रत्येकानं तेच पाहिलं. तुमचा चष्मा जसा पाहिला, तसा.

ती तीन वेळची भिंत दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ती आजाराची सुरुवात असू शकते. रक्तातल्या एखाद्या कमतरतेनं, थायरॉइडनं, कमी झोपेनं, चिंतेनंही असं होतं. आधी ते तपासून घ्या, चिठ्ठी सोबत आहे. सहा महिन्यांनी आपण पुन्हा बसू, आणि सुरुवातीलाच मी सांगेन की मी अडलेली नाही, गोष्ट तुम्हाला पूर्ण सांगायची आहे. एकाच तासावरून मी काही ठरवणार नाही. दोन वेळांमधला फरक मला जे सांगेल ते एकटा आकडा सांगत नाही.

नव्या अहवालाचा मसुदा पाठवतेय. तुम्ही वाचून सही केल्याशिवाय तो कुणाकडे जाणार नाही.

‘या बाई चाळीस वर्षं नटांना वाक्याचा पहिला शब्द पुरवण्याचं काम करतात. गोष्ट परत सांगण्याच्या चाचणीत त्यांनी तेच केलं. परीक्षकाला ते ओळखता आलं नाही. त्या चाचणीचा निष्कर्ष धरू नये. तीच गोष्ट त्यांनी तीन आठवड्यांनी अचूक लिहून पाठवली. त्याच दिवशीच्या, पटापट नावं सांगण्याच्या चाचणीत त्या काहीशा संथ होत्या. हे कशामुळे, ते आज सांगता येत नाही. पुढे काय होईल तेही सांगता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. त्यांनी हे काम करावं का, या प्रश्नाचं उत्तर दवाखान्यातल्या खोलीत मिळणार नाही. ते त्यांच्या कामातच पाहावं लागेल, आणि ते त्यांना बरोबर घेऊन ठरवावं.’

मार्चमधलं मी लिहिलेलं नाही. ते तुमचं आहे.

तुमची,
मानसशास्त्रज्ञ


९ ऑगस्ट

बाई,

मसुदा आवडला. एखाद्या डॉक्टरी कागदावर ‘ओळखता आलं नाही’ असं वाचायचं भाग्य मला या वयात लाभलं. (एकाहत्तर. डागाखाली एकाहत्तरच होतं.) एक दुरुस्ती मात्र केली आणि मग सही केली. ‘संथ होत्या’ च्या पुढे माझ्या हातानं लिहिलं: ‘मार्चमधल्या दुपारच्या प्रयोगात यांना वाक्य आठवलं नाही. त्यानंतर दोनदा असं झालं. हे यांनी स्वतः सांगितलं.’ त्यापुढे तुमचं ‘हे कशामुळे’ आपोआप नीट बसलं. तुम्ही माझी गोष्ट माझ्याकडे ठेवलीत, म्हणून मला ती देता आली. चहाच्या कपाखाली सापडली असती तर मरेपर्यंत नाकारली असती.

तो कागद पुतण्याच्या टेबलावर ठेवला नाही. तालीम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं आणि मोठ्यानं वाचला. चाळीस वर्षांत तिथं मी पहिल्यांदा कुजबुजल्याशिवाय बोलले. मार्चचं वाक्य आलं तेव्हा तोफ म्हणाली, “काकू, कशाला? मी घेतलं होतं ना माझ्यावर!”

“घेतलंस म्हणूनच. तुझे पॉझ आधीच लांब असतात, त्यात माझ्या पॉझची भर नको.”

ती हसली आणि मग रडली, दोन्ही भलत्याच मोठ्यानं. पुतण्या कागद उलटसुलट करून बघत होता.

“म्हणजे आहे की नाही ते, काकू?”

“माहीत नाही.”

“पण त्या बाईंना तरी माहीत असेल.”

“त्यांनाही नाही. आणि तसं त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय. असा कागद आणून दाखव कुणाकडून.”

तो खाली बसला, पायरीवर. म्हणाला, “मी तुमच्याशी वाईट वागलो का?” मी म्हटलं, “घाबरून वागलास. पुढच्या वेळी मला विचारून घाबर.” आणि अर्जात ‘गृहिणी’ लिहिल्याबद्दल त्याचा कान पिळला, सगळ्यांदेखत. नाट्यसंस्था चालवणाऱ्या माणसाचा कान पिळायला हिंमत लागते, ती अजून शाबूत आहे हेही लिहून ठेवा.

ठरलं असं. स्टूल परत विंगेत आलं. संहिता मांडीवर उघडी ठेवायची, बोट ओळीवर. गेल्या अकरा वर्षांत मी कागद जवळ घेतला नव्हता, त्याचाच मला तोरा होता. तो गेला. शब्द आला नाही तर कागदावरून द्यायचा. आणि ज्या दिवशी कागदावरही जागा सापडणार नाही, त्या दिवशी मी उठायचं. मला कळलं नाही तर ते सांगायचं काम तोफेचं. पुतण्या म्हणाला, मी सांगेन. मी म्हटलं, तू सांगायच्या आधीच रडशील. ती ओरडेल. ओरडलेलं मला कळतं.

रक्ताची तपासणी झाली, कागद यायचेत. जानेवारीत मी तुमच्याकडे येते. तो दिवस काय घेऊन येईल याची धास्ती आहे, नाही असं नाही. पण धास्ती घेऊन विंगेत बसायची मला सवय आहे. तिथं प्रत्येकालाच असते.

काल, रविवारी, प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात मला एकदा कागद पाहावा लागला. पाहिला, शब्द दिला, नट पुढे गेला. प्रेक्षकांना कळलं नाही, पुतण्यालाही नाही. तुम्हाला कळवते, कारण जानेवारीत तुम्ही विचाराल आणि मी खरं सांगेन.

तुमची,
काकू